संसारात राहून अखंड प्रार्थना
घंटा, जपमाळ, मुदपाकखाना आणि रात्रीचे आत्मपरीक्षण : ख्रिस्ती परंपरेने शोधलेल्या वाटा

प्रतिनिधी

इसवी सन ५०च्या सुमारास संत पौलाने थेस्सलनीका या ग्रीक शहरातील नवख्या ख्रिस्ती मंडळीला एक पत्र लिहिले. नव्या करारातील सर्वांत जुन्या लिखाणांत या पत्राची गणना होते. पत्र संपवताना त्याने काही छोट्या छोट्या सूचना केल्या आहेत. त्यांतील एक सूचना आकाराने सर्वांत लहान, पण आचरणास सर्वांत कठीण आहे. प्रार्थनेत कधीही खंड पडू देऊ नये, असे त्याने या मंडळीला बजावले.

गेली जवळजवळ दोन हजार वर्षे ख्रिस्ती माणूस या एका सूचनेशी झगडत आला आहे. अखंड प्रार्थना म्हणजे नेमके काय? पहाटे उठून डबे भरणारी गृहिणी, विरारहून सुमारे ६० किलोमीटरवरच्या चर्चगेटला रोज जा-ये करणारा कारकून, रात्रपाळीची परिचारिका, वाडीत पाणी धरणारा बागायतदार यांनी ही आज्ञा पाळायची तरी कशी? मठात राहणाऱ्यांना ते जमेल. संसारी माणसाचे काय? प्रश्न केवळ वेळेचा असता तर तो वेळापत्रकाने सुटला असता. परंतु देवाशी असलेले नाते रविवारच्या एका तासापुरते उरते की उरलेल्या सहा दिवसांतही जिवंत राहते, हा श्रद्धावंताच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न आहे.

आज्ञा कष्टकऱ्याची, कष्टकऱ्यांना

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ही आज्ञा करणारा पौल स्वतः हातावर पोट असलेला माणूस होता. तंबू शिवणे हा त्याचा धंदा होता आणि करिंथ येथे त्याच धंद्यातील अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहून तो काम करीत असे, अशी नोंद 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. ज्या पत्रात त्याने अखंड प्रार्थनेची आज्ञा केली, त्याच पत्रात आपण कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस कष्ट केले, याचीही आठवण त्याने करून दिली आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. काम सोडून प्रार्थना करा, असे त्याला म्हणायचे नव्हते. तोंडाने सतत काही पुटपुटत राहावे, असेही नव्हे. काम चालू असताना मनाचे तोंड देवाकडे वळलेले असावे, एवढेच त्याला अपेक्षित असावे.

प्रभू येशूचे जीवनही याच दिशेने बोट दाखवते. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्याने कार्याला प्रारंभ केला तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. त्यापूर्वीचा काळ नासरेथसारख्या लहानशा गावात, सुताराच्या घरात गेला. त्या वर्षांबद्दल शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. पुढे लोकांची झुंबड उडू लागल्यावर तो भल्या पहाटे, अंधार असतानाच, निर्जन स्थळी जाऊन प्रार्थना करीत असे, असे मार्कने नोंदवले आहे. गर्दीतील काम आणि एकांतातील प्रार्थना या दोहोंची ही सांगड ख्रिस्ती अध्यात्माचा पाया होय. द्राक्षवेल आणि तिच्या फांद्या हा येशूने दिलेला दृष्टांत तर प्रसिद्धच आहे. वेलीपासून तुटलेली फांदी एका दिवसात वाळत नाही. काही काळ ती हिरवी दिसते. म्हणूनच तुटल्याचे लवकर ध्यानात येत नाही आणि धोका असतो तो तेथेच.

घंटेने बांधलेला दिवस

संसारी माणसाला दिवसभर देवाचे स्मरण राहावे यासाठी चर्चने फार पूर्वी एक साधा उपाय शोधला. तो म्हणजे घंटा. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा या वेळी चर्चची घंटा वाजते आणि 'आंजेलस' ही छोटी प्रार्थना म्हटली जाते. देवदूताने मरियेला दिलेला निरोप तीत आठवला जातो. प्रार्थनेला दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. फ्रेंच चित्रकार मिले याने १८५७ ते १८५९ या काळात रंगवलेल्या एका चित्रात बटाट्याच्या शेतात काम थांबवून, मान खाली घालून उभे असलेले शेतकरी दांपत्य दिसते. दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा आहे. चित्राचे नावच 'आंजेलस' असे आहे.

वसई, मुंबईतील ईस्ट इंडियनांची गावठाणे आणि गोवा येथे ही घंटा परिचयाची आहे. पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये वसई घेतली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. सत्ता गेली, परंतु घंटा आणि संध्याकाळची जपमाळ येथील कुपारी, ईस्ट इंडियन आदी समाजांच्या घरांत टिकून राहिली. दिवेलागणीला घरातील लहानथोर वेदीसमोर बसून 'रोझरी' म्हणतात. पन्नास मण्यांची ही माळ पाच दशकांत विभागलेली असते आणि प्रत्येक दशकाबरोबर ख्रिस्ताच्या जीवनातील एका प्रसंगाचे मनन केले जाते. असे प्रसंग पूर्वी १५ होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांत येशूच्या सार्वजनिक जीवनातील पाच प्रसंगांची भर घातली. त्यामुळे आता ते २० झाले आहेत. ऑक्टोबर हा तर जपमाळेचाच महिना मानला जातो. मे महिन्यात रस्त्याकडेच्या क्रुसांपाशी शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात.

या प्रथेवर आता काळाचा ताण पडला आहे, हे मान्य करावे लागेल. घरातील एक जण रात्री नऊला येतो, दुसरा दहाला, मुले शिकवणीला आणि उरलेल्यांचे डोळे मोबाइलवर. सारे एकत्र येतील अशी दिवेलागण आता अनेक घरांत होतच नाही. मात्र वेळ बदलली म्हणजे प्रथा मोडलीच पाहिजे असे नाही. पाचऐवजी एकच दशक, तेही रात्री जेवणाआधी म्हणणे, किंवा परतीच्या लोकलमध्ये बोटांवर मणी मोजणे हेही प्रार्थनेच्या परंपरेत बसणारेच आहे. लोकलमधील भजनी मंडळांनी प्रवासाचा वेळ सत्कारणी लावण्याची वाट मुंबईकरांना केव्हाच दाखवली आहे.

मुदपाकखान्यातील साधू

कामातच प्रार्थना कशी मुरवावी, याचा सर्वांत परिचित आदर्श म्हणजे १७व्या शतकातील ब्रदर लॉरेन्स. त्याचे मूळ नाव निकोला एर्मां. फ्रान्सलगतच्या लोरेन प्रांतात जन्मलेला हा तरुण तीस वर्षांच्या युद्धात सैनिक होता व जखमी झाला होता. वयाच्या १८व्या वर्षी हिवाळ्यात निष्पर्ण झालेले एक झाड पाहून त्याच्या मनात आले, की काही दिवसांतच याला पालवी फुटेल, फुले-फळे येतील. देवाच्या सामर्थ्याची ती पहिली जाणीव त्याच्या मनातून पुढे कधीच पुसली गेली नाही. १६४० मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाईट मठात दाखल झाला. फारसे शिक्षण नसल्याने तो धर्मगुरू झाला नाही. त्याच्याकडे मठाचा मुदपाकखाना सोपवण्यात आला.

मौजेची गोष्ट अशी, की स्वयंपाकाचे काम त्याला मुळीच आवडत नसे. तरीही १५ वर्षे त्याने ते केले आणि नंतर मठवासीयांच्या पायताणांची दुरुस्ती केली. मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करण्यासाठी त्याला दूर बर्गंडीला पाठवण्यात येई. व्यवहाराचे ज्ञान बेताचे आणि पाय अधू; नावेत हालचाल करायची तर पिंपांवरून लोळत जावे लागे. असे हे नावडते काम 'देवा, हे तुझेच काम आहे' या भावनेने तो करी आणि ते पार पडे. भांडी घासताना, चुलीपाशी उभे असताना आपण देवासमोरच आहोत, याचे भान ठेवण्याचा त्याने सराव केला. मठाची ठरलेली प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, असे तो सांगे. १६९१ मध्ये त्याचे निधन झाले. जोसेफ द बोफोर या धर्माधिकाऱ्याने त्याची पत्रे व संभाषणे संकलित केली आणि ते छोटेसे पुस्तक कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोन्ही पंथांत आजही वाचले जाते.

ही सहजता त्याला एका दिवसात लाभली नव्हती. पहिली सुमारे दहा वर्षे त्याच्या मनाला फार क्लेश झाले. लक्ष विचलित झाले की स्वतःला दोष देत बसायचे नाही, शांतपणे मन पुन्हा देवाकडे आणायचे, हा त्याचा साधा नियम होता. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांतही मठाच्या कोठाराधिकाऱ्याने सर्व भांडीकुंडी वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावीत, असे सांगितले आहे. कढई आणि चषक यांत भेद न करण्याची ही दृष्टी ख्रिस्ती परंपरेत जुनीच आहे.

रात्रीचा जमाखर्च

दिवसभर स्मरण राहिले नाही तर काय करावे? यावर संत इग्नेशियस लोयोला यांनी उपाय सांगितला. १५२१ मध्ये पांप्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने पाय निकामी झालेला हा स्पॅनिश योद्धा अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच्या मनाचे निरीक्षण करू लागला. कोणत्या विचारांनंतर मन प्रसन्न राहते आणि कोणत्या विचारांनंतर ते कोरडे पडते, हे तो ताडून पाहू लागला. त्यातून पुढे 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक तयार झाले. पोप तिसरे पॉल यांनी त्याला १५४८ मध्ये मान्यता दिली. इग्नेशियस यांनी स्थापलेल्या येशूसंघाचे फ्रान्सिस झेवियर त्याआधीच, १५४२ मध्ये, गोव्यात पोहोचले होते.

या साधनेतील आत्मपरीक्षण संसारी माणसाला विशेष उपयोगी पडणारे आहे. त्याच्या पाच पायऱ्या अशा : दिवसात जे लाभले त्याबद्दल प्रथम देवाचे आभार मानावेत, स्वतःकडे खरेपणाने पाहण्यासाठी प्रकाश मागावा, सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवावा, जेथे चुकले तेथे क्षमा मागावी, आणि उद्यासाठी एक निश्चय करावा. दुकानदार रात्री गल्ला मोजतो, तसाच हा प्रकार. मात्र येथे हिशेबाचा आरंभ जमेच्या बाजूने होतो, हे महत्त्वाचे. चुकांपासून सुरुवात केली तर माणूस खचतो. उपकारांपासून केली तर त्याला चुका पाहण्याचे धैर्य येते. यास दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

नामस्मरण आणि मायबोली

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये येशूचे नाव घेऊन दयेची याचना करणारी एका वाक्याची प्रार्थना श्वासाच्या लयीवर पुन्हा पुन्हा म्हटली जाते. १९व्या शतकात रशियात प्रसिद्ध झालेल्या एका निनावी यात्रेकरूच्या कथेमुळे ती जगभर पोहोचली. या यात्रेकरूचा प्रवासही पौलाच्या त्याच आज्ञेपासून सुरू होतो. वारकरी परंपरेतील नामस्मरण ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही वाट अनोळखी वाटणार नाही.

मराठी ख्रिस्ती भक्तीने ही जवळीक प्रारंभापासूनच ओळखली होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. देवाशी बोलायचे तर ते लोकांच्या जिभेवरच्या छंदात बोलावे, हे त्याने जाणले होते. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत'मधून त्यांची गीते आजही गायिली जातात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झाले. कॅथलिक उपासनेत मात्र लॅटिनचे प्राबल्य होते. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीतून होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने हीच परंपरा पुढे नेली.

भाषेचा हा मुद्दा गौण नाही. माणूस रागावतो, रडतो, लाडात येतो तो मातृभाषेत. देवाशी नाते जडते तेही त्याच भाषेत. रोज बायबलमधील एखादा लहान उतारा सावकाश वाचावा, त्यातील एखादे वाक्य मनाला भिडले तर तेथेच थांबावे, ते दिवसभर घोळवावे, ही पद्धत मठांतून आली असली तरी तिला मठ लागत नाही. मोबाइलवर आता संपूर्ण बायबल उपलब्ध आहे. अडचण एकच : त्याच पडद्यावर दर मिनिटाला दुसरे काहीतरी येऊन आदळते. म्हणून अनेक जण या वेळेपुरते छापील पुस्तकच जवळ करतात.

देव गप्प असतो तेव्हा

सारे नियम पाळूनही एक दिवस असा येतो, की प्रार्थना कोरडी वाटते. शब्द उमटतात, पण पलीकडे कोणी ऐकत आहे असे वाटत नाही. आपली श्रद्धा मेली की काय, अशी भीती मनाला ग्रासते आणि बरेच जण याच टप्प्यावर प्रार्थना सोडून देतात.

या अनुभवावर ख्रिस्ती परंपरेने मोकळेपणाने लिहिले आहे. १६व्या शतकातील स्पॅनिश संत योहान ऑफ द क्रॉस यांना त्यांच्याच संघातील विरोधकांनी १५७७-७८ मध्ये टोलेडो येथे अंधाऱ्या खोलीत डांबून ठेवले होते. त्यांनी या कोरडेपणाला 'आत्म्याची काळरात्र' मानले आणि ती देवापासून दुरावल्याची नव्हे तर श्रद्धा परिपक्व होत असल्याची खूण असू शकते, असे सांगितले. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झाले. कोलकात्यातील कार्याचा आरंभ झाल्यापासून १९९७ मध्ये निधन होईपर्यंत, अल्पसा काळ वगळता, त्यांना देवाचे सान्निध्य जाणवलेच नव्हते. तरीही त्यांनी पहाटेची प्रार्थना सोडली नाही आणि मरणाच्या दारातील माणसांची सेवाही सोडली नाही. चर्चने ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना संतपद दिले, ते या पत्रांचा पुरेपूर विचार करूनच. नाते म्हणजे केवळ भावना नव्हे. भावना आटल्यावरही पाळलेला शब्द म्हणजे नाते, असा याचा अर्थ होतो.

मात्र येथे एक विवेक बाळगणे आवश्यक आहे. झोप उडणे, भूक मरणे, जगणेच नकोसे वाटणे ही लक्षणे दीर्घकाळ राहिली तर ती केवळ आध्यात्मिक कोरडेपणाची समजू नयेत. अशा वेळी डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. ज्याच्याशी निःसंकोच बोलता येईल असा धर्मगुरू, पाळक किंवा वडीलधारा माणूस जवळ असणेही तितकेच गरजेचे आहे.

कसोटी घराच्या उंबरठ्यावर

देवाशी नाते टिकले आहे की नाही, हे ओळखायचे कशावरून? डोळे मिटल्यावर काय वाटते यावरून नव्हे, तर डोळे उघडल्यावर आपण कसे वागतो यावरून, असे उत्तर बायबल देते. उपवास करून मजुरांना राबवून घेणाऱ्यांना यशया संदेष्ट्याने कठोर शब्दांत फटकारले आहे. भुकेल्याला अन्न देणे, बेघराला आसरा देणे हाच देवाला प्रिय असलेला उपवास होय, असे त्याचे सांगणे आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या वर्णनात भुकेला, परका, आजारी आणि तुरुंगातील माणूस यांच्याशी केलेले वर्तन हे ख्रिस्ताशीच केलेले वर्तन मानले आहे. याउलट, धावपळ करणाऱ्या मार्थेला येशूने जी जाणीव करून दिली, तीही विसरता येत नाही. पायांशी बसून ऐकणाऱ्या मरियेने निवडलेला वाटा त्याने अधिक चांगला ठरवला. सेवेविना प्रार्थना पोकळ ठरते आणि प्रार्थनेविना सेवा चिडचिडी होते.

म्हणूनच आरंभ छोटा असावा. उठल्याबरोबर, मोबाइल हाती घेण्यापूर्वी, एक मिनिट देवाचे आभार. दुपारी बाराला, जेथे असू तेथे, क्षणभर स्मरण. दिवसातील सर्वांत नावडते एक काम देवाला अर्पून करणे. रात्री दहा मिनिटांचे आत्मपरीक्षण आणि रविवारी मंडळीसोबत उपासना. एवढे वर्षभर निष्ठेने केले तरी पुष्कळ झाले. एखाद्या दिवशी खंड पडलाच, तर ब्रदर लॉरेन्सप्रमाणे, स्वतःला न कोसता पुन्हा आरंभ करावा. तंबू शिवणाऱ्या पौलालाही अखंड प्रार्थना म्हणताना हेच अभिप्रेत असावे : सुई हातातून सुटेल, दोराही तुटेल, तो पुन्हा ओवायचा आणि टाके घालत राहायचे.